उलट्या हाताची पारख

मी एक जुना सौरकंदील आहे, मित्रांनो. या कारखान्यातला पहिला. माझी कडी वाकडी, काच ओरखडलेली. तरी मालकांनी मला विकलं नाही. नमुना म्हणून कामाच्या टेबलावरच ठेवलं.

त्या सकाळीही सगळं नेहमीचंच होतं. चार्ज होऊन निवलेल्या प्रत्येक बॅटरीला मालक उलटा हात लावत होते, लेकराचा ताप बघावा तसा. अजून कोमट लागली, की ती बाद. मापयंत्र त्यानंतर. धंदा सुरू केल्यापासूनची ही रीत.

त्यांची लेक शिकून आली होती, विक्री बघायची. वीज न पोचलेल्या दोनशे घरांचा माल दुपारी निघणार होता.

"बाबा, त्यापेक्षा दवाखानाच काढा की!"

जुळणी करणाऱ्या बायका हसल्या. मालकही हसले. "अगं, एकच पेटी राहिलीय. चहा घेतो नि बघतो."

ते गेले. लेकीने पेटीला चिकटपट्टी लावली, वर 'तपासले'चा शिक्का उठवला. मी समोरच होतो. पण मला तोंड कुठे?

मालक चहा घेऊन परतले. "ती राहिलेली पेटी गं?"

"बघितलीत की मघाशी! विसरलात?"

मालकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "असेल बाई. वय झालं."

मालासोबत टेंपोत मागे बसायची त्यांची सवय होती. वाटेत तीच पेटी पेटली, मालक भाजले.

दवाखान्यात त्यांनी मला उशाशी मागवून घेतलं. तीन दिवस एकच म्हणत होते, "माझा हात चुकला गं." लेक शेजारी बसून त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. बोलली काहीच नाही. चौथ्या दिवशी ऐकणारं कुणी उरलं नाही.

गिऱ्हाइकांना तिने सांगितलं, "वय झालं होतं. हात चुकला." कारखाना तगला. मी फळीवर गेलो, त्यांच्या फोटोशेजारी, धुळीत.

मित्रांनो, आमची काच पुसत जा. तापलेली बॅटरी वापरू नका. आणि कुणाचं देणं शब्दांचं असेल, तर त्याला कान आहेत तोवर द्या.

काल एका नव्या बाईने सहज बॅटरीला उलटा हात लावला. जुनी जुळणीवाली फिस्कन हसली. "नको गं बाई! त्याच हाताने म्हाताऱ्याने घात केला."

लेक जागची उठली. तिने मला फळीवरून काढलं, पदराने पुसलं आणि टेबलावर माझ्या जुन्या जागी ठेवलं. यंत्रं बंद करायला लावली.

"बाबांचा हात चुकला नव्हता," ती म्हणाली. "ती पेटी त्यांनी बघितलीच नव्हती. शिक्का मी मारला होता."