उघडं मनगट

रवळूच्या डाव्या मनगटावर पिवळ्या कातड्याचा पट्टा बांधून आण्णाप्पा दुकानाच्या पायऱ्या उतरला, टांगे चुकवत रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कापडदुकानापाशी उभा राहून ओरडला,

"हात वर कर!"

रवळूनं हात वर केला. बेळगावच्या भर बाजारात एक दांडगा गडी कारण नसताना हात वर करून उभा आहे, हे बघायला दोघेतिघे थांबले. रवळूनं मान खाली घातली, पण हात वरच ठेवला. वस्तादानं सांगितलं की करायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"दिसतोय!" आण्णाप्पा खुशीत परत आला. "हितनं दिसतोय म्हणजे कुस्तीच्या फडाच्या त्या टोकाला बी दिसंल."

दुकानदार कॅम्पातल्या साहेबांच्या घोड्यांची खोगिरं शिवायचा. टेनिस खेळणारे साहेब मनगटाला आधार म्हणून पट्टे मागू लागले, तेव्हापासून तेही करायचा. त्यानं तीन पट्टे पुढं मांडले होते. पितळी बकलाचा पट्टा आण्णाप्पानं लगेच बाजूला सारला, कारण अंगाला लागेल असा धातू निपाणीचे पंच मातीत येऊ देत नाहीत. दुसरा काळपट हरणाच्या कातड्याचा होता, आतून लोकरीचं अस्तर. तो रवळूनं घालून बघितला तेव्हा मनगटाची ठसठस निम्मी झाली आणि त्याचा चेहरा उजळला. तिसरा हा पिवळाधमक, चांगला चार बोटं रुंद, वादीनं आवळायचा आणि लाकडासारखा ताठ.

"दुखऱ्या हाताला काळा बरा," दुकानदार म्हणाला. "ह्यो पिवळा काचंल."

"काचू दे. पिवळाच द्या."

"वस्ताद, काळा लई बरा वाटतोय," रवळू हळूच म्हणाला.

"तुला काय वाटतंय ते सोड. लोकांना काय दिसतंय ते बग."

खानापूरच्या लाकूडवखारीत रवळू करवत ओढायचा. एक जण ओंडक्यावर उभा आणि एक खाली खड्ड्यात, असं दिवसभर चालायचं. खालची बाजू रवळूची. आठवड्यामागं एक ओंडका घसरला आणि तो थोपवताना त्याचं डावं मनगट गेलं. हाडं बसवणाऱ्या मालुबाईनं ते दाबून बघितलं, पाला बांधला आणि आण्णाप्पाला परड्यात बोलावून स्पष्ट सांगितलं, "हाड तडकलंय. पुन्यांदा मुरगळलं तर ह्या हातानं करवत काय, भाकरी बी मोडता येणार न्हाय. सांगून ठेवते."

हे ऐकूनही आण्णाप्पानं कुस्ती मोडली नाही. नारळ घेऊन जोडलेली कुस्ती मोडणारी तालीम पुन्हा त्या फडात उभी राहत नाही, हे एक. दुसरं असं, की यंदा निपाणीच्या जत्रेला एका संस्थानच्या तालमीचे कारभारी येणार होते आणि शेवटची कुस्ती जिंकणाऱ्याला ते सोबत नेणार होते. रवळूची करवत कायमची सुटली असती. आणि आण्णाप्पाचं म्हणाल, तर जन्मभर पोरं घडवूनही त्याच्या तालमीचं एकही पोर कुणा संस्थानात गेलं नव्हतं. ही सल तो कुणाला सांगत नसे, पण ती होती.

समोर उभा राहणार होता कलगोंडा, निपाणीजवळच्या एका खेड्यातला जैन शेतकऱ्याचा मुलगा. तंबाखूच्या रानात वाढलेला. त्याची एकच गोष्ट सगळ्या मुलखात बोलली जायची. त्यानं मनगट धरलं की सुटत नाही. धरायचा, पिळायचा आणि पुढचा गडी आपसूक पालथा व्हायचा.

निपाणीला सर्व्हिस मोटारीतून उतरल्यावर, फडामागच्या कनातीत रवळूनं लांग कसली आणि डावा हात पुढं केला. आण्णाप्पानं पिवळा पट्टा काढला, रवळूचा उजवा हात ओढून घेतला आणि त्याच्यावर बांधायला लागला.

"वस्ताद, दुखरा हात ह्यो न्हवं."

"ठावं हाय मला."

रवळू बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचे कान तापले.

"कलगोंडा काय करंल?" आण्णाप्पा वादी आवळत म्हणाला. "पट्टा दिसला की म्हणंल, हितंच दुखतंय. येऊन तुजा उजवा धरंल. उजवा तर तुजा लोखंड हाय. तो तिथं झटत बसला की तू खाली बस आणि पाय धरून पट काढ. कुस्ती झाली."

"आणि डावा उघडाच ठेवायचा?"

"उघडा हाय म्हणूनच त्येच्याकडं कोण बघणार न्हाय."

रवळूला काहीतरी बोलायचं होतं. पण बाहेर हलगी तापली होती, शेवटच्या कुस्तीचा पुकारा झाला होता आणि वस्तादापुढं बोलायची त्याला सवय नव्हती.

फड माणसांनी फुलून गेला होता. कौलांवर माणसं, झाडांवर माणसं. पंचांनी पट्टा दाबून बघितला आणि मान हलवली. कलगोंडानं वाकून मूठभर लाल माती उचलली, रवळूच्या खांद्यावर टाकली आणि सलामी दिली. त्याची नजर पट्ट्यावर गेली, क्षणभर तिथं थांबली. फडाच्या कडेला उकिडवा बसलेल्या आण्णाप्पानं ते टिपलं आणि मनातल्या मनात शड्डू ठोकला. मासा गळाला लागला होता.

कुस्ती लागली. दोघांनी खांद्याला खांदा दिला, एकमेकांच्या मानेवर हात टाकले. रवळूनं शिकवल्याप्रमाणं उजवा हात पुढं पुढं केला. कलगोंडानं तो धरला नाही. रवळूनं तो जवळजवळ त्याच्या हातातच दिला, तरी कलगोंडा तो टाळून बाजूला झाला. पट्ट्याला आपला धक्काही लागू नये अशा बेतानं तो सरकत होता.

आण्णाप्पाच्या कपाळावर आठी पडली. हा गडी खेळतोय तरी काय?

आणि मग त्याला कळलं. हा माणूस दुखऱ्या हाताला हात लावणार नव्हता. त्याला पट्टा दिसला होता, आणि पट्टा दिसला म्हणूनच तो उजवा हात सोडून खेळत होता. मग त्याची ती मुलखात गाजलेली पकड कुठं बसणार? धडधाकट दिसणाऱ्या हातावर. उघड्या हातावर.

असं कुणी करील हे आण्णाप्पाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर त्यानं पोरांना दुखरी जागा हेरायलाच शिकवलं होतं.

"रवळू, डावा—" तो ओरडला, पण हलगीपुढं त्याचा आवाज कुठला ऐकू जायला. कलगोंडाच्या पंजानं रवळूचं डावं मनगट धरलं होतं.

रवळू कळवळून खाली वाकला. लोक ओरडायला लागले, गेला, गेला! आता फक्त एक पीळ द्यायचा बाकी होता. आण्णाप्पाला मालुबाईचे शब्द आठवले आणि त्यानं डोळे मिटून घेतले. दाद तरी कुणाकडं मागायची? हात उघडा कुणी ठेवला होता?

आरडाओरडा एकदम थांबला, म्हणून त्यानं डोळे उघडले. कलगोंडानं हात सोडला होता. तो रवळूच्या डाव्या मनगटाकडं बघत होता. त्याच्या पंजाला ती सूज लागली असणार, तिच्यातली ऊब लागली असणार. मग त्यानं उजव्या हातावरच्या पिवळ्या पट्ट्याकडं बघितलं. आणि मग फडाच्या कडेला, सरळ आण्णाप्पाकडं. आता हा पंचांना हाक मारणार. सगळ्या निपाणीसमोर आपली अब्रू जाणार.

कलगोंडानं हात वर केला. हलगी थांबली.

"काय झालं रं?" पंचांनी विचारलं.

"पट्टा ढिला झालाय ह्येंचा," कलगोंडा म्हणाला. "आवळून घेऊ द्या."

आणि पंचांकडं पाठ करून, आपल्या रुंद अंगाचा आडोसा करून त्यानं रवळूच्या उजव्या हातावरची वादी सोडली आणि पट्टा डाव्या मनगटावर चढवला. लोक खोळंबा झाला म्हणून कुरकुरत होते. कुठला हात होता आणि कुठला झाला, याच्याशी कुणाला काय घेणं?

"वस्ताद, जरा या हिकडं," कलगोंडानं हाक दिली. "ह्यो किती आवळत्यात मला ठावं न्हाय. तुमी बगा."

आण्णाप्पा उठला. उभी हयात ज्या मातीत गेली, तिच्यात पाय टाकताना आज त्याला चोरट्यासारखं वाटत होतं. त्यानं वादी हातात घेतली. कसलेली बोटं, पण त्यांना गाठ मारता येईना. कलगोंडानं गाठीवर बोट दाबून धरलं, तेव्हा कुठं ती बसली.

"थांबायचं काय?" कलगोंडानं रवळूला हळू विचारलं. "मी पंचास्नी सांगतो, बरोबरीत सोडवा म्हणून."

रवळूनं वस्तादाकडं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं नसेल.

"न्हाय गड्या," तो कलगोंडाला म्हणाला. "आता खेळतो."

पुढं जे झालं ते आण्णाप्पा श्वास रोखून बघत राहिला. मनगटाच्या पकडीवर नाव कमावलेला तो गडी मनगटाला शिवतच नव्हता, डाव्याला नाही आणि उजव्यालाही नाही. आपलं हत्यार काढून त्यानं बाजूला ठेवलं होतं आणि मोकळ्या हातानं उभा होता. लोक ओरडत होते, "आरं मनगट धर की! झोपलायस काय?" कलगोंडाला जणू ऐकूच येत नव्हतं. रवळूही असा कधी खेळला नव्हता. तो खाली बसला, पट काढला आणि कलगोंडा दाणकन गुडघ्यावर आला. रवळू त्याच्या पाठीवर चढला.

हरणार हा. आपली पकड वापरत नाही म्हणून हरणार.

आणि त्याच क्षणी आण्णाप्पाच्या अनुभवी डोक्याला वाट दिसली. पट्ट्याच्या हाताला हा शिवत नाही. रवळूनं डावा हात नुसता मधे घातला, तर कलगोंडाला सुटायला जागाच उरणार नाही. एक शब्द टाकायचा होता. संस्थानचे कारभारी पुढं सरकून बसले होते. रवळू दम खाताना कडेला बघत होता, वस्ताद काय सांगतात म्हणून.

शब्द आण्णाप्पाच्या जिभेवर आला. "डावा घाल!" त्यानं तोंड उघडलंही. मग पटक्याचा सोगा तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट धरला.

रवळूनं वाट बघितली. डावा हात त्यानं अंगाशीच ठेवला. तेवढ्यात कलगोंडा सुटला, वळला, रवळूची मान आणि गुडघा दोन्ही हातांनी एकत्र बांधून त्यानं त्याला अलगद उलटा केला. पाठ मातीला लागली. पडतानाही डावा हात कलगोंडानं आपल्या छातीखाली येऊ दिला नव्हता.

फडानं आरोळी ठोकली. कारभाऱ्यांनी कलगोंडाला फेटा बांधला. रवळू उठून बसला होता आणि हाताची बोटं एकेक हलवून बघत होता. सगळी हलत होती.

रिवाज असा, की जिंकलेला गडी हरलेल्याच्या वस्तादाच्या पाया पडतो. कलगोंडा नवा फेटा सावरत आला आणि वाकला.

आण्णाप्पानं पाय मागं घेतले.

जवळची माणसं कुजबुजली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हाताऱ्याला हार पचंना." आण्णाप्पानं ते ऐकलं आणि तसंच राहू दिलं. कलगोंडा अर्धवट वाकलेला, गोंधळून वर बघत होता.

"माजं काय चुकलं का, वस्ताद?"

आण्णाप्पानं कलगोंडाचा मातीनं भरलेला उजवा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला, खाली वाकला आणि तो आपल्या डोक्यावर ठेवला.

कलगोंडानं गडबडीनं हात काढून घेतला. पोरसवदाच होता तो, लाजला.

"त्येला आधी सावलीला न्या," तो रवळूकडं बघत म्हणाला. "हात सुजंल."

"व्हय," आण्णाप्पा म्हणाला, आणि त्यानं सांगितलं तसं करायला निघाला.