फोटोतली सून

सकाळी दहाला बापाने स्टुडिओचं शटर वर केलं, टेबल पुसलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एका मुलीचा गाल गोरा करायला घेतला. रोजचंच काम. लग्नासाठी दाखवायचा मुलीचा फोटो आधी त्याच्या टेबलावर यायचा. बारीक ब्रश, फिकट रंग, हलका हात. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा ब्रश फिरला की निम्मं लग्न जमलं.

आज मात्र ब्रश घसरला. रंग गालावरून नाकावर गेला. दुसरी प्रत काढून त्याने मुलाला हाक मारली.

"तू कर. आपल्या धाकटीचा आहे. उद्या मध्यस्थ बाई न्यायला येणार."

मुलगा मागच्या खोलीत कॅनव्हास ताणत होता. तो चित्रकार. कलाशाळा दुसऱ्या वर्षाला सोडलेली, कारण मास्तर म्हणाले, बाईचा रंग कसा, तर मधासारखा. याच्या बायका निळसर काळ्या, जांभळट, जास्त भाजलेल्या विटेसारख्या. आणि सगळ्या थेट तुमच्याकडे बघणाऱ्या. एकदा हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं, तर हॉलवाल्यांनी ते दुसऱ्याच दिवशी गुंडाळलं. मग त्याने चित्रं बागेच्या कुंपणाला टांगली. एक गृहस्थ म्हणाले, "घरात लावलं तर पाहुणे चहा न पिताच जातील." तरी हा काढतच राहिला.

"मी नाही करणार, बाबा."

"बंड तुझ्या कॅनव्हासवर कर. पोट या टेबलावर भरतं."

"थोरलीचा मीच केला होता."

खरं होतं ते.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीचा फोटो त्यानेच उजळवला होता. तेव्हा हाताचा फार गर्व होता त्याला. चेहरा असा खुलवला की आई बघतच राहिली. फक्त हात राहून गेले. मांडीवर ठेवलेले दोन सावळे हात. घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही. लग्नानंतर सासूच्या आलं. तिने तो फोटो चौकटीत घालून बैठकीत लावला. कोणी आलं की थोरलीला त्याच्या शेजारी उभं करायची. "ही फोटोतली सून आणि ही आलेली. हात तेवढे खरे पाठवले होते हो त्यांनी." लोक हसायचे. नवराही हसायचा. मग थोरली मिळेल ते क्रीम फासायला लागली. शेवटी कुठलं तरी बिननावाच्या डबीतलं. कातडी जळाली. दोन्ही गालांवर गुलाबी-काळे चट्टे उठले. "आता तर फोटोशी काहीच जुळत नाही," म्हणून सासरच्यांनी परत पाठवली.

आठ महिने ती आतल्या खोलीतून बाहेर आली नव्हती.

दुपारी धाकटी स्टुडिओत आली.

"दादा, कर ना रे. थोडंसंच. सगळ्याच करून घेतात."

"तायडीला बघितलंस ना?"

"रोज बघते. ताट मीच नेते तिला. तुझी चित्रं कोणी घेत नाही, तरी तुझं चालतं. मला कोणी घेतलं नाही तर मी काय करू? कुंपणाला टांगून घेऊ?"

त्याने ब्रश उचलला. फिकट रंगात बुडवला. फोटोवर टेकवणार इतक्यात घराकडचं आतलं दार वाजलं.

थोरली उभी होती. तोंड झाकलेलं नव्हतं. ती येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, खिडकीच्या उजेडात.

"ते ठेव. मला काढ."

"तायडे, माझ्याच्याने नाही व्हायचं. हे मी केलंय."

"हो. तूच केलंयस. म्हणून तूच काढ. नीट बघून काढ."

संध्याकाळपर्यंत तो काढत होता. चट्ट्यांचा रंग जमेना. चार वेळा सुरीने खरवडून टाकला. मध्येच उठून मोरीत ब्रश धुऊन आला. ती हलली नाही. एकदाच म्हणाली, "मान अवघडली बाई. फोटोचं बरं असतं, खोटं लवकर उरकतं." धाकटी रंग पुसायची चिंधी धरून शेजारी बसली होती. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. आठ महिन्यांत बहिणीचा चेहरा तिने अंधाऱ्या खोलीतच बघितला होता.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ बाई आल्या. धाकटीने आपला फोटो दिला. ब्रश न लागलेला.

"अगं, यावर काम राहिलंय की."

"नाही राहिलं, मावशी."

रंग वाळल्यावर चित्रकाराने थोरलीचं चित्र बाहेरच्या काचेत लावलं, जिथे उजळलेल्या नवऱ्या मांडलेल्या असायच्या. बाप म्हणाला, "धंदा बसवलास." मग भिंग घेऊन बराच वेळ चित्रातल्या गालांसमोर उभा राहिला. दुसऱ्या सकाळी काच त्यानेच पुसली.

धंदा बसलाच. पंधरा दिवसांनी मध्यस्थ बाई फोटो परत घेऊन आल्या.

"मुलाकडचे म्हणतात, दुसरा चांगला असेल तर द्या."

धाकटीने फोटो उलटा केला, पेनाने मागे लिहिलं, 'दुसरा चेहरा नाही', आणि त्यांच्या हातात ठेवला. "हे द्या त्यांना."

"अगं, असं लिहितात का?" आई कळवळून म्हणाली. "पुन्हा कोणी विचारायचं नाही."

"विचारलं तरी कोणाला विचारतात, आई? मला, की बाबांच्या ब्रशला?"

मुलाकडच्यांचं उत्तर आलं नाही. पुढच्या दोन ठिकाणांहूनही आलं नाही. आई जेवत नाही धड. बाप रिकाम्या टेबलाशी बसतो. भाऊ रंगवतो, विकलं काहीच जात नाही. या घरात सध्या कोणी सुखी नाही, हे सांगितलं पाहिजे.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र नवा स्टुडिओ जोरात चाललाय. काल तिथून एक बाई आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन बाहेर पडली. मुलीच्या हातात ताजा फोटो होता. चालता चालता फोटोकडे बघून ती थांबली.

"आई, ही कोण?"

आईने फोटो काढून घेतला, पाकिटात घातला.

"गप चल. उशीर होतोय."