सिर्काच्या खुर्चीवर

"ऊठ आता," ओर्वोक्की म्हणाली. "नियम आहे."

"उठतेय गं बाई. इतकी वर्षं धीर धरलास, अजून घटकाभर धर." सिर्काने चष्मा आणि गोळ्यांची डबी सावकाश पिशवीत भरली. खुर्चीवरची निळी विणलेली उशी मात्र उचलली नाही. "ही असू दे. तुझी कंबर दुखते ना."

कंबर दुखते हे भर सभेत सांगायची गरज नव्हती.

फिनलंडमधल्या लेहमुसलाच्या नगरपरिषदेचा नियम साधा होता. ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा स्वार्थ असेल, त्या विषयापुरतं त्याने बाहेर जायचं आणि पक्षाच्या पर्यायी सदस्याने त्याच्या खुर्चीत बसायचं. विषय संपला की ज्याची खुर्ची त्याला परत. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली ओर्वोक्की तीन निवडणुका पर्यायी सदस्य होती. तिन्ही वेळा सिर्काने तिला मूठभर मतांनी मागे टाकलं होतं. त्यानंतर सिर्काला ना कधी सभेच्या दिवशी ताप आला, ना कुठल्या विषयात स्वार्थ निघाला.

हे लहानपणापासूनच होतं. लाल स्केट्स आधी सिर्काला मिळाले. गाडीचा परवाना आधी तिला. विधवासुद्धा आधी तीच झाली, आणि गावाने आपली सगळी हळहळ तिच्यावर खर्च करून टाकली. पुढे ओर्वोक्कीचा नवरा गेला तेव्हा लोक आले, कॉफी प्यायले आणि हवा कशी आहे ते बोलून घरी गेले.

आज मात्र सिर्काचा स्वार्थ निघाला होता. तळ्याकाठचं रान तिचं आणि तिच्या भावाचं. हेलसिंकीच्या एका कंपनीला तिथे गरम पाण्याच्या कुंडांचं हॉटेल बांधायचं होतं. सिर्का आपला वाटा विकून स्पेनला, फुएनहिरोलाला, कायमची राहायला जाणार होती. मग ही खुर्चीही कायमची ओर्वोक्कीची. सगळं जुळत आलं होतं, तेवढ्यात रानातल्या अ‍ॅस्पेनच्या बुंध्याशी कायद्याने संरक्षित उडत्या खारीच्या लेंड्या सापडल्या.

पर्यावरण अधिकारी बाईंनी त्या काचेच्या बाटलीत घालून आणल्या होत्या. बाटली टेबलाभोवती फिरली.

"हा तर तांदूळ आहे," शेतकरी काउको म्हणाला.

"पिवळा तांदूळ असतो का?" कुणीतरी विचारलं.

"माझी बायको शिजवते तेव्हा असतो."

अध्यक्ष वेइको हा गावचा दंतवैद्य. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून आल्यामुळे सभेत ती मिटवण्याकडे त्याचा कल असे. त्याने प्रश्न मांडला: परवानगीआधी रानाची पूर्ण पर्यावरण तपासणी करायची, की करायची नाही? तपासणी म्हणजे निदान वर्षभराचा खोळंबा, आणि कंपनीने स्पष्ट कळवलं होतं की ती थांबणार नाही, दुसरं गाव बघेल.

एकेकाचं नाव पुकारून मत विचारायला सुरुवात झाली. ओर्वोक्की उशीवर ताठ बसून होती. उशी मऊ होती. सिर्काच्या सगळ्याच वस्तू मऊ असत.

तपासणी नको म्हटलं की खुर्ची आपली, इतका सरळ हिशेब होता. पण मग स्पेन सिर्काचं. इथे नोव्हेंबरात दुपारीच दिवे लावायचे, आणि ती तिकडे बाल्कनीत संत्रं सोलत बसणार, वर उन्हाचे फोटो पाठवणार. तपासणी हवी म्हटलं तर स्पेन बुडालं, पण खुर्ची पुन्हा सिर्काची. इतक्या वर्षांच्या मत्सराला पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी एकदम काम आलं होतं आणि तो गोंधळून गेला होता.

"आता एकच मत राहिलं," वेइको म्हणाला. "दोन्ही बाजू सारख्या आहेत. सिर्काबाईंच्या जागी बसलेल्या ओर्वोक्कीबाई?"

आजच्या दिवशीसुद्धा सिर्काबाईंच्या जागी.

काचेच्या दारापलीकडे सिर्का कॉफीच्या टेबलाशी बसलेली दिसत होती. कप भरलेला, हात मांडीवर. एवढी लहान ती कधी दिसली नव्हती. ओर्वोक्कीने या खुर्चीत स्वतःला पुढच्या हिवाळ्यात बसवून पाहिलं. नवा कोट, समोर नावाची पाटी. मग त्या कोटाकडे जळफळून बघणारं कोण, याचा विचार केला. काउको? त्याला कोट आणि ताडपत्री यांतला फरक कळत नसे.

"बाई?"

"तपासणी हवी," ओर्वोक्की म्हणाली.

सिर्काला आत बोलावलं. ती टेबलाजवळ येईपर्यंत चेहरे वाचून मोकळी झाली होती.

"तू?" तिने हळूच विचारलं.

"मी."

"खारींचा तुला कधीपासून लळा?"

"आजपासून."

सिर्काने पिशवी टेबलावर ठेवली. "ते घर मी पाहून आले होते, ओर्वोक्की," ती म्हणाली. "खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची."

"तुझी उशी चपटी झालीय," ओर्वोक्की म्हणाली आणि उठली.

सिर्काने उशी उचलली, झटकली, उलटी करून ठेवली आणि बसली.

पुढचा विषय बर्फ उपसायच्या गाडीच्या दुरुस्तीचा होता. पर्यायी सदस्याला आता घरी जायची मुभा होती. ओर्वोक्की प्रेक्षकांच्या बाकावर गेली, नेहमीच्या जागी, जिथून सिर्काची मान दिसते. लाकडी बाकाने कमरेत कळ काढली. तिने कोटाची बटणं लावली, पण उठली नाही. शेवटच्या विषयापर्यंत दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही.