पुसल्याशिवाय जाकीट नाही

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. दिव्याचं बटण नव्हे हो! कॉम्प्युटर एकमेकांशी जोडणारी चोवीस भोकांची लोखंडी पेटी. एका बँकेला नकोसा झालो, तेव्हा ओहायोतल्या एका कम्युनिटी कॉलेजला दानात मिळालो. तिथल्या तळघरात माझी सतरा वर्षं गेली.

ऑसगुड सरांच्या वर्गाचा नियम एकच. तास संपला की कोणता कॉम्प्युटर कोणाशी बोलणार ही माझ्यात भरलेली सगळी मांडणी पुसायची, म्हणजे पुढच्या वर्गाला कोरी पाटी. "पुसल्याशिवाय जाकीट घालायचं नाही!" सर दारातून ओरडत. मुलांची बोटं ते काम न बघता करत. मला तर त्या शिस्तीचा केवढा गर्व होता!

वांडा केस्लर वर्गात आली तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. मोटारींच्या सीटा शिवण्यात तिची एकोणीस वर्षं गेली आणि एक दिवस कारखानाच बंद पडला.

"सर, मला फक्त शिवता आणि उसवता येतं. जमेल का हो?"

"जमेल की! इथेही शिवायचं आणि उसवायचंच आहे."

जमलं. वांडा वर्गात पहिली आली. फर्निचरच्या एका गोदामाने तिला आठवडाभर काम करून दाखवायला बोलावलं. नोकरीबरोबर आरोग्यविमा होता आणि तिच्या नवऱ्याचं, लायलचं, इन्सुलिन त्या विम्यावर अवलंबून होतं.

पहिल्या दिवशी तिने सगळं काम चोख केलं. पाच वाजले. तिने सवयीने गोदामाचा चालू स्विच पुसला आणि जाकीट घातलं.

गोदामातले सगळे कॉम्प्युटर मुके झाले. भरलेले ट्रक जागच्या जागी अडले. उद्या येऊ नका, असं तिला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात येऊन माझ्यासमोर बसली.

"अगं, चालू मशीन कधी पुसतात का?" सर कळवळून म्हणाले. "आधी मांडणीची नक्कल जपून ठेवायची असते!"

"हे तुम्ही कधी शिकवलंत, सर?"

इतक्या वर्षांत सरांनी एकाही विद्यार्थ्याला खऱ्या कामाच्या जागी नेलं नव्हतं. त्याच दुपारी ते गोदामात गेले, "चूक माझी आहे," असं म्हणाले. पण ती जागा तोवर भरली होती.

वांडा आता अंडी खोक्यांत भरण्याच्या कारखान्यात हंगामी कामाला जाते. तिथे विमा नाही. तिथे रुजू होण्याआधी तिने एकदा तळघरात येऊन माझ्यात सगळी मांडणी मन लावून भरली. मग बोटं सवयीने पुसायला गेली. तिने हात मागे घेतला आणि तशीच उठली. सरांनीही तिला हटकलं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. खुशाल भंगारात टाका. पण शिकायला आलेल्या माणसाला परीक्षेआधी एकदा तरी खऱ्या गोदामात न्या हो. सतरा वर्षांत माझ्यात कोणाचंच काम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नव्हतं. वांडाचं अजून आहे.