कडी लावून बोललेलं

शिलाईवालीला तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर निघणाऱ्या माहितीपटातून मिळणार होती एक चाकांची खुर्ची. शिवाय महिनाभर कुणीतरी "मावशी, जेवलात का?" असं विचारणार होतं, तेही तिने जमेला धरलं होतं. लिफ्टच्या खड्ड्यात पडून तिचा लिफ्टमिस्त्री नवरा कमरेखाली लुळा झाला, तेव्हापासून तिला असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

खुर्ची आली. खोटं कशाला बोला, चांगली आली. तिच्यातच बसून मिस्त्री माहितीपटाच्या पहिल्या खेळाला गेला, घोटून दाढी करून, थेट पुढच्या रांगेत.

पडद्यावर न्हाणीघराचं बंद दार दिसलं. आत नळाची धार, ओली चादर आपटल्याचा आवाज, आणि तिचा आवाज: "सुटा हो एकदाचे! मलाही सोडवा."

शूटिंगच्या एका दुपारी तिसऱ्यांदा मिस्त्रीची ओली चादर बदलून ती आत गेली होती. गळ्याशी टाचलेला बोटभर माईक काढायचं शूटिंगवाल्यांच्या लक्षात राहिलं नाही. ऐकायचं मात्र बरोबर लक्षात राहिलं. आणि त्या वाक्याला लागूनच त्यांनी मिस्त्रीचा चेहरा जोडला होता, छताकडे बघणारा. अंधारात लोक नाकं ओढू लागले.

टाळ्या संपायच्या आत तिने दिग्दर्शिकेला दाराशी गाठलं.

"ते वाक्य काढा."

"मावशी, अख्ख्या फिल्ममधलं सगळ्यात खरं वाक्य आहे ते!"

"खरं होतं म्हणूनच कडी लावून बोलले. खोटं बोलायला तुमचा कॅमेरा होताच की!"

"पण तुम्ही सही केली होती ना?"

"ह्यांचीसुद्धा माझ्याकडूनच घेतलीत. पाय गेलेत हो त्यांचे. हात आणि कान नाही गेले!"

"अहो, लोक रडले. तुमच्याबद्दल किती आदर वाटला त्यांना..."

"रडायला त्यांच्या घरी माणसं नाहीत? माझं मेलं कशाला उसनं न्यायचं?"

दिग्दर्शिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. शिलाईवालीने तो कपड्याला चिकटलेला दोरा काढावा तसा काढला.

दुसऱ्या सकाळी घरी मिस्त्रीने चहाचा कप भरलेलाच बाजूला सारला. दुपारी तिने पाणी नेलं.

"तहान नाही."

"एवढ्या उकाड्यात? प्या मुकाट्याने."

"नको म्हटलं ना."

संध्याकाळी ती चादर बदलायला गेली, तर चादर कोरडी. तेव्हा तिला उमगलं, आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"चादर भिजू नये म्हणून पाणी तोडलंत? उपकार करताय होय माझ्यावर? अहो, वैतागलेल्या माणसाच्या तोंडून जातं काहीबाही!"

"मनात असलेलंच जातं," मिस्त्री म्हणाला. चिडून नाही, यंत्रातला बिघाड सांगावा तसं.

वाक्य काही निघालं नाही. दिग्दर्शिकेला बक्षीस मिळालं, प्रेक्षकांना रडू मिळालं, शिलाईवालीला खुर्ची. ज्याला कुणी विचारलंच नव्हतं, तो किंमत मोजतो आहे. ती ओठांशी पेला धरते. तो ओठ तेवढे ओले करतो आणि मान भिंतीकडे वळवतो.