चारही आकडे एकदम

शाहीनचं भोरमध्ये मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दिवसभर जळके पंखे न् पंप. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की ती आपल्या घड्याळाला बसायची. नुसते उजळणारे आकडे तिला नको होते. जुन्या विमानतळांवर पाट्या फडफडत पलटायच्या, तसं घड्याळ हवं होतं. आणि आकडे मराठी हवे होते.

पाट्यांसाठी तिनं वनिताला गाठलं. वनिता आयटीआयपासूनची मैत्रीण, वेल्ह्याच्या बाजारात गाड्यांच्या नंबरप्लेट बनवते.

"आकडा मधोमध कापायचा," शाहीननं समजावलं. "पाटीच्या पुढं एकाचा वरचा अर्धा, पाठीमागं त्याच्या पुढच्याचा खालचा अर्धा."

वनितानं एक पाटी चुकीची चिकटवली आणि चाकावर तीनाचं डोकं, पाचाचे पाय असं काहीतरी उभं राहिलं.

"हा कुठला गं आकडा?"

"पावणेचार!" वनिता म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

घड्याळ पुरं झालं तेव्हा शाहीन ते खोक्यात घालून, मांडीवर धरून एसटीनं वेल्ह्याला आली. वनिताच्या काउंटरवर ते मांडलं. चार चाकं, प्रत्येकाला एक छोटी मोटार, आणि बंद असतानाही वेळ धरून ठेवणारी एक चिप. दुकानाच्या पायरीवर गुंजवण्याचे सर्जेराव एसटीची वाट बघत बसले होते. ते मान वळवून बघायला लागले.

"ह्ये काय म्हनायचं, पोरी?"

"घड्याळ आहे, काका. आता चालू करते."

बटण दाबलं. फर्रर्र! चारही चाकं एकदम फिरली. वनिता दचकून मागं सरली.

"शून्य शोधतायत," शाहीन म्हणाली. "सापडलं की थांबतील."

तीन चाकं थांबली. शेवटचं थांबेना. पाट्या आपल्या पडतायत, पडतायत.

"याला घावंना व्हय शून्य?" सर्जेरावांनी विचारलं.

शाहीननं बटण बंद केलं, आत बोट घातलं. शून्याच्या खुणेला प्रत्येक चाकावर एक बारीक चुंबक लावलेलं होतं. ह्या चाकावरचं गायब! एसटीच्या धक्क्यांनी निखळलं असणार. तिनं काउंटर धुंडाळला, खोकं उलटं केलं, आणि वनिताच ओरडली, "अगं, हे काय! स्क्रूला चिकटून बसलंय!"

नंबरप्लेटला लावायच्या दुहेरी टेपचा तुकडा कापून वनितानं चुंबक जागेवर बसवलं. पुन्हा बटण. फर्रर्र... एक थांबलं, दुसरं, तिसरं. शाहीननं श्वास रोखला. चौथं थांबलं. मग पहिलं सोडून बाकीची चाकं पुढं सरकली आणि आकडे उभे राहिले: ०९:५७.

"बराबर हाय का?" सर्जेरावांनी पायरीवर शेजारी बसलेल्याचा मोबाईल बघितला. "आगदी बराबर!"

खट्. ०९:५८. बाजारातल्या भाजीवाल्या बायका टोपल्या सोडून आल्या, पोरं जमली. नेमकी तेव्हाच एसटी लागली.

"काका, तुमची गाडी!" वनिता म्हणाली.

"आता पुढं काय व्हतंय?"

"दहा वाजताना चारही आकडे बदलतात," शाहीन म्हणाली. "एकदम!"

सर्जेराव जागचे हलले नाहीत. खट्. ०९:५९. कंडक्टरनं दोनदा हाक मारली आणि घंटी दिली. एसटी धूळ उडवत गेली. कुणी तिकडं बघितलं नाही. शाहीननं वनिताचा हात घट्ट पकडला होता. ते मिनिट संपता संपेना.

मग चारही चाकं एकदम उसळली, कबुतरांचा थवा उडावा तशी, आणि समोर १०:०० उभं! पोरं किंचाळली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. वनिता शाहीनला मिठी मारून तिथंच गोल फिरली.

गर्दी पांगली तरी सर्जेराव तिथंच.

"परत चारी कवा बदलनार?"

"एक वाजता, काका. बारा एकोणसाठचं शून्य एक होताना."

"मंग थांबतो की," ते म्हणाले, आणि पायरीवरून उठून काउंटरसमोरच्या स्टुलावर ऐसपैस बसले.