व्याह्यांचा मुक्काम

पैठण रोडवर शहर वाढत वाढत शेताच्या बांधाला भिडलं, तेव्हा बद्रीनाथरावांनी शेत विकलं आणि राखून ठेवलेल्या तुकड्यावर बंगला बांधला. बंगल्यात त्यांचा जीव एकाच खोलीत होता. संडासात. गुलाबी फरशी, चकचकीत नळ, दाराला पितळी कुलूप. नळाला तेवढं पाणी नव्हतं. दुष्काळ हटत नव्हता आणि टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्याचं पाणी रात्रीतून चोरीला जायचं, म्हणून भरलेले ड्रम ठेवायला कुलपाची जागा हवी होती. अशी जागा एकच. तेव्हा घरातलं प्यायचं पाणी संडासात राहू लागलं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तो कधी वापरलाच नव्हता. घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तीच.

माणसं मागच्या नाल्याकडं जायची. निम्मी कॉलनी तिकडंच जायची. तिथल्या माश्या मग परसात यायच्या, आणि परसात त्यांचा अडीच वर्षांचा नातू मिहिर माती चाखत खेळायचा.

मिहिरची उंची आजोबा संडासाच्याच चौकटीवर पेन्सिलीनं आखत. दिवाळीची रेष होती. होळीची रेष तिच्यावरच बसली. त्याची आई, बद्रीनाथरावांची सून मोनिका, रोज ड्रममधून कळशी भरताना ती जोडरेष बघायची. पोराला तूप, बदाम, खारीक, जाहिरातीतली पावडर, सगळं चालू होतं. जुलाबही चालू होते.

"दात येतायत," बद्रीनाथराव म्हणायचे. सगळे दात येऊन गेले तरी म्हणायचे.

आणि उंचीचं विचारलं की, "आजोळावर गेलंय पोरगं. तुमच्यात उंचीच नाय."

मोनिकाचे वडील अप्पाराव त्यांच्याहून वीतभर उंच होते. लग्नात व्याह्यांची गळाभेट झाली तेव्हा बद्रीनाथरावांचा फेटा अप्पारावांच्या हनुवटीला अडकला होता. पण हे बोलायची सोय नव्हती.

शेवटी मोनिकानं मिहिरला शहराच्या छावणी भागातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बद्रीनाथराव सोबत गेले, पावडरचा डबा काखेत घेऊन.

"घरी संडास आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे म्हणजे? गुलाबी फरशीचा!"

"वापरता?"

"वापरून खराब कोण करणार?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजोबा, मातीतली घाण हातावाटे याच्या पोटात जाते. आतडं रोज तिच्याशी भांडत बसतं, सुजतं. मग तुमचं तूप अंगी लागणार कसं? डबा बदलू नका, जागा बदला."

"बाई लई शिकलेली दिसती," बद्रीनाथराव बाहेर येऊन म्हणाले आणि पावडरचा मोठा डबा घेतला.

मोनिकानं त्याच संध्याकाळी माहेरी वेरूळला फोन लावला. तो संडास वापरायला निघाला तर फक्त सोयऱ्यांसाठीच निघेल, हे तिला ठाऊक होतं. व्याह्याला टमरेल देऊन नाल्याकडं पाठवणं म्हणजे बद्रीनाथरावांच्या लेखी नाक कापून घेणं.

"आबा, राहायला या."

"लेकीच्या घरी मी राहतो व्हय?"

"राहा. मिहिरसाठी. आणि कपडे जास्त आणा."

अप्पाराव आले. कुलूप निघालं. ड्रम दिवाणखान्यात सोफ्याशेजारी जाऊन बसले, आणि बद्रीनाथरावांना त्यांच्यावर नजर ठेवत तिथंच झोपावं लागलं. फ्लशला पाणी नाही, ही व्याह्यांची तक्रार अप्पारावांनी ऐकूनच घेतली नाही. मोनिकानं साठवलेलं धुण्याचं पाणी ते बादलीनं ओतायचे आणि गुणगुणत बाहेर यायचे.

दोन दिवस गेल्यावर बद्रीनाथरावांनी प्रेमानं विचारलं, "मग व्याही, गावाकडं कामं खोळंबली असतील?"

"नाय बा. पोरीनं ती रेष दाखवली. ती वर सरकली की निघतो."



दुसऱ्या दिवसापासून घरात क्रांती झाली. मोनिकाचा नवरा सोमनाथ सवयीनं टमरेल घेऊन निघाला, तर बापानं फाटकात अडवलं. "कुठं चालला? आत जा! तुझा सासरा जन्मभर इथं ठेवायचाय का?" डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना आता शब्दन् शब्द आठवू लागलं. "साबण लाव त्याला! नखं काढ! परसात सोडू नको, आतडं सुजतंय!" शेजाऱ्यांनाही ते काठी घेऊन आपल्या भिंतीमागून हुसकू लागले. मोनिका पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायची.

मिहिरचे जुलाब आधी थांबले. मग तो दुसऱ्यांदा भात मागू लागला. पोळ्याच्या सुमारास बद्रीनाथरावांनी त्याला चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली आणि ओरडले, "सरकली! बोटभर सरकली!"

मोनिकानं वाकून पाहिलं. खरंच सरकली होती.

अप्पारावांनी पिशवी भरली. बद्रीनाथराव पितळी कुलूप पुसत उभेच होते.

"मामा," मोनिका सासऱ्याला म्हणाली, "असू द्या उघडं. सोमवारी आई येतीय राहायला. गुडघे दुखतात तिचे. विहीणबाईंना नाल्याकडं कसं पाठवायचं?"